तुमी म्हणसान तिथं

ज्या महिन्यात अकोल्याचा मनुष्य कूलरच्या ताट्यांवर पाणी मारण्यापलीकडे कोणताही पुरुषार्थ सिद्ध करू इच्छीत नाही, त्या वैशाखाच्या महिन्यात, आमच्या विवाहास 40 वर्षे पूर्ण झाल्याचे निमित्त साधून, पुण्यास आणि बंगळूरास नोकरीवर असलेल्या आमच्या दोघा मुलांनी आम्हा उभयतांस एक नजराणा पेश केला : परदेशाची एक सहल, खर्च त्यांचा, मुदत दिवाळीपर्यंतची, आणि स्थळ सर्वस्वी आमच्या मर्जीचे. नजराणा, मुदत आणि मर्जी हे शब्द मला तहसील कचेरीत कारकुनी केलेल्या वडिलांकडून वारशाने मिळाले असल्यामुळे त्यांचे वजन मी जाणून आहे. पहिल्या दोहोंनी आनंदच झाला. तिसऱ्याने मात्र आमच्या जठारपेठेतील शांत घरात असा पेच उभा केला, की त्याची उकल करताना शाळेतून निवृत्त झाल्यापासून बासनात बांधून ठेवलेले जैमिनी आणि चक्रधर हे दोघेही मला पुन्हा बाहेर काढावे लागले.

वास्तविक माझ्या मनात स्थळ ठरलेलेच होते. तेहेतीस वर्षे वर्गात संस्कृत शिकविणाऱ्या मनुष्याला, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसऱ्या सूर्यवर्म्याने विष्णूसाठी उभारलेले कंबोडियातील अंगकोर वाटचे मंदिर, आणि त्या देशात ठिकठिकाणी दगडावर कोरलेले निर्दोष संस्कृत श्लोक एकदा डोळ्यांनी पाहावेत असे वाटत आले असेल, तर त्यात नवल नाही. परंतु सहल उभयतांची होती. म्हणून मी रीतसर सिंगापूर, दुबई, मॉरिशस, स्वित्झर्लंड, कंबोडिया अशी सर्व छापील रंगीत पत्रके ओसरीवर मांडली आणि सौभाग्यवतीस पृच्छा केली. तिने चष्मा न लावताच ती पत्रके एकावर एक नीट रचली आणि म्हणाली, "मले काय विचारता? तुमी म्हणसान तिथं जाऊ."

या उत्तराने कोणाही वऱ्हाडी नवऱ्याचा जीव भांड्यात पडावा. माझाही क्षणभर पडला. पण रात्री गच्चीवर पडल्या पडल्या मला आठवू लागले, की हेच उत्तर मला घर बांधताना मिळाले होते, थोरल्याला कोणत्या कॉलेजात घालावे यावेळी मिळाले होते, आणि तिच्या आईच्या आजारपणात तिने दर्यापूरला किती दिवस राहावे याविषयीही मिळाले होते. आणि प्रत्येक वेळी मी त्याची नोंद संमती म्हणून करून पुढची कार्यवाही उरकली होती. दीर्घ वहिवाटीने हक्क उत्पन्न होतो हे दिवाणी कायद्याचे तत्त्व संसारात जितके बिनबोभाट चालते तितके शेतीच्या बांधावरही चालत नसावे. बांधाच्या बाबतीत निदान समोरचा फिर्याद तरी करतो.

आता यावर कोणी म्हणेल, की आपण दोघे यापूर्वी हिंडलाच नाहीत काय? हिंडलो, आणि पुष्कळ हिंडलो. माहूर झाले, पंढरपूर झाले, त्र्यंबकेश्वर झाले, आणि 1998 साली प्रयाग, काशी आणि गया ही त्रिस्थळीही झाली. परंतु विचार करता मला असे दिसले, की या साऱ्या भ्रमंतीत "कोठे जावे" हा प्रश्न आमच्यासमोर एकदाही उभा राहिला नव्हता. तीर्थाचे स्थळ यात्रेकरू निवडीत नाही. ते त्याच्या जन्मापूर्वीच निवडले गेलेले असते. पैठणच्या घराण्यातील आणि काशीस नांदलेल्या नारायणभट्टांनी सोळाव्या शतकात 'त्रिस्थलीसेतु' लिहिला तो तेथे गेल्यावर काय करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि कोणी करावे हे सांगण्यासाठी. प्रयागास जावे की महाबळेश्वरास, याचा खल करण्यासाठी नव्हे. आमच्या अकोल्याचीच गोष्ट घ्या. श्रावणाच्या अखेरच्या सोमवारी गांधीग्रामास पूर्णेचे पाणी भरून कावडी राजराजेश्वरावर येतात. तेथे नदी ठरलेली, वाट ठरलेली, वार ठरलेला, देव ठरलेला. खांद्यावर कावड घेतलेल्या त्या पोराला पायाला फोड येतात, उन्हाचा नाहीतर पावसाचा मारा सोसावा लागतो, परंतु आपल्याला नेमके काय हवे आहे हे स्वतःला विचारण्याचे जे सर्वांत अवघड कष्ट, त्यांतून त्याची मुक्तता झालेली असते. सहल ही सुखासाठी असते आणि यात्रा पुण्यासाठी, असा भेद आपण सहज करतो. मला वाटते भेद त्याहून खोल आहे. यात्रेत इच्छा स्थळाच्या मागून चालते. सहलीत स्थळ इच्छेच्या मागून यावे लागते, आणि म्हणून सहल ठरविताना इच्छा उघडी पडते. उघडे पडण्याची सवय नसलेल्या माणसाला ती पाळी आली म्हणजे तो पत्रके एकावर एक रचून ठेवतो.

प्रयागची एक आठवण येथे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. महाराष्ट्रातील सवाष्णी संगमावर वेणीदान करतात. पत्नीने पतीची अनुज्ञा मागायची, त्याच्या पुढ्यात बसायचे, आणि त्याने स्वहस्ते तिचे केस विंचरून, वेणी घालून, वेणीचे टोक कात्रीने कापून गंगा-यमुनेच्या स्वाधीन करायचे, असा तो विधी आहे. नावेत उपाध्याय घाई करीत होते. नाव हलत होती. आणि मला वेणी घालता येत नव्हती. तीन पेड असतात इतके ठाऊक होते, पण मधला पेड कोणाच्या वरून आणि कोणाच्या खालून न्यायचा हे कळेना. दोनदा वेणी सुटली. तिसऱ्यांदा तिने मान न वळवता, डावा हात मागे आणून, माझी बोटे धरून ती योग्य पेडावर ठेवली, आणि पुढे प्रत्येक वळणाला नुसते बोटाने खुणावीत गेली. शास्त्रदृष्ट्या कर्ता मी होतो, अनुज्ञा माझी होती, कात्री माझ्या हातात होती. पण वेणी तिने घातली होती. त्या वेळी मी हसण्यावारी नेले. आता वाटते, आमच्या संसारातील बहुतेक कर्मे याच रीतीने पार पडली असावीत, आणि दप्तरी कर्ता म्हणून नाव माझे लागले.

समुद्र ओलांडण्यासंबंधी आपल्या धर्मशास्त्राने घातलेला निर्बंध सर्वश्रुत आहे. बौधायनाने समुद्रगमनाला पतनीय कर्मांत बसविले, तरी उत्तरेकडील लोकांचा तो आचार असल्याचीही नोंद त्यानेच केली. मनूने समुद्रयायी ब्राह्मणाला श्राद्धाच्या पंक्तीतून उठविले, आणि त्याच ग्रंथात व्याजाचा दर ठरविण्याच्या कामी समुद्रव्यवहारात मुरलेल्या माणसांचा शब्द प्रमाण मानला. पुढे निबंधकारांनी समुद्रयात्रा केलेल्या द्विजाचा स्वीकार कलिवर्ज्यांच्या यादीत घातला, आणि एकोणिसाव्या शतकात विलायतेहून परतलेल्यांना प्रायश्चित्त द्यावे की नाही, यावर महाराष्ट्रात रणे माजली. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या साऱ्या वचनांचा जो पट मांडला आहे तो मी पुन्हा चाळला. चाळताना इतकेच जाणवले, की शतकानुशतकांच्या या ऊहापोहात जावे की जाऊ नये हा एकच मुद्दा आहे; कोठे जावे, कशासाठी जावे, आणि सहधर्मचारिणीच्या मनात काय आहे, याची पृच्छा त्यात नाही.

प्रत्यक्ष घडलेल्या इतिहासात मात्र ती डोकावते. गोपाळराव जोशी यांनी पत्नीस शिकविण्यासाठी अमेरिकेस जाण्याची खटपट कोल्हापुरापासून आरंभिली, ती दोघांनी मिळून जाण्याची होती. प्रत्यक्षात 7 एप्रिल 1883 रोजी कलकत्त्याहून बोटीत बसल्या त्या एकट्या आनंदीबाई. जिद्द कोणाची होती, नवऱ्याची की बायकोची, यावर लोक आजही वाद घालतात. मी इतकेच पाहतो, की निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या सभेत उभे राहून, मी का जाते आणि हिंदू म्हणूनच कशी परत येईन, हे त्या अठराव्या वर्षातील मुलीने स्वतःच्या तोंडाने सांगितले. ते गोपाळरावांनी सांगितले असते तर समुद्र तोच राहिला असता, बोटही तीच, पण प्रवास दुसऱ्या कोणाचा झाला असता.

याहून जवळचे, आमच्या वऱ्हाडातले उदाहरण दादासाहेब खापर्डे यांचे. 1908 साली लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा त्यांच्या अपिलाच्या कामासाठी अमरावतीचे हे नामांकित वकील इंग्लंडला गेले आणि तेथे दोन वर्षे राहिले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई अमरावतीसच राहिल्या. 1910 च्या अखेरीस दादासाहेब परतले, आणि डिसेंबरात शिरडीस गेले. पुढच्या डिसेंबरात ते पुन्हा गेले ते लक्ष्मीबाईंसह. आता या मुक्कामाची त्यांची दैनंदिनी वाचली म्हणजे एक मौज दिसते. लंडनास जाण्यासाठी ज्याने कोणाची अनुज्ञा मागितल्याचे ऐकिवात नाही, तो जबरदस्त वकील शिरडीतून अमरावतीस जाण्याची परवानगी साईबाबांकडून मिळावी म्हणून दिवसामागून दिवस वाट पाहत बसलेला आहे; घरी मुकदमे खोळंबले आहेत, पैशाची ओढाताण आहे, आणि आज्ञा मिळत नाही. 1912 च्या मार्चात ती मिळाली आणि ते निघाले. लक्ष्मीबाई मागे राहिल्या. साईचरित्रकार सांगतात, की दादासाहेबांचा मुक्काम चार महिन्यांचा झाला आणि लक्ष्मीबाईंचा सात महिन्यांचा. हे तीन जास्तीचे महिने मला इंग्लंडच्या दोन वर्षांइतकेच अर्थपूर्ण वाटतात. या बाईला कोठे जायचे होते, ते तिला ठाऊक होते. आणि ज्या स्थळी नवरा सुटकेची वाट पाहत होता तेथे तिला सुटका कशी ती नकोच होती.

परंतु त्या दोघांनी आपापसांत बसून काही ठरविले होते काय? तसे दिसत नाही. ठरविणारा तिसराच होता, आणि आपल्याकडे दांपत्याचे निर्णय बहुधा असेच होत आले : कधी शास्त्राने घेतले, कधी सासूने, कधी गुरूने. अलीकडे ती सनद मुलांकडे आणि सहल कंपनीच्या कारकुनाकडे गेली आहे, इतकाच फरक. तिसऱ्याकडे निर्णय सोपविण्यात श्रद्धा असते हे मी नाकारीत नाही. मात्र तीत एक सोयही असते. एकमेकांच्या डोळ्यांत पाहून "मला हे हवे" असे म्हणण्याचा प्रसंग टळतो.

याच सुमारास मी जैमिनीच्या मीमांसासूत्रांचा सहावा अध्याय काढला, कारण यज्ञाचा अधिकार कोणाला हा प्रश्न त्याच्या पहिल्याच पादात आहे. स्वर्गाची इच्छा करणाऱ्याने यज्ञ करावा, या विधीत इच्छा करणारा हा शब्द पुल्लिंगी आहे. तस्मात् अधिकार पुरुषालाच, असे ऐतिशायन नावाच्या आचार्याचे मत तेथे पूर्वपक्ष म्हणून येते. बादरायण त्याला उत्तर देतो, की शब्दाने जात सांगितली आहे, लिंग नव्हे. म्हणून स्त्रीही त्यात आली. मग धनाचा मुद्दा निघतो, स्त्रीजवळ स्वतःचे द्रव्य नाही ती यज्ञ कशाने करणार असा. आणि त्यावर जे उत्तर दिले आहे, ते वाचून या वयात, उकाड्यात, माझ्या अंगावर काटा आला. उत्तराचा गाभा एकाच शब्दात आहे : फलोत्साह. फळाची ओढ तिच्या ठायी पुरुषाहून काही निराळी नाही. अधिकार कशाने येतो? तो ओढीने येतो. आणि ओढ दोघांत सारखी म्हणून अधिकार दोघांचा, कर्म मात्र एक; पुढे यज्ञात आज्याचे अवेक्षण पत्नीनेच करायचे असते, तिने तुपाकडे पाहिले नाही तर कर्म विकल होते.

प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे, की त्याच पादात पुढे जाऊन शास्त्रकारांनी पत्नीचा वाटा छाटला आहे; ती विद्येने तुल्य नाही म्हणून जेवढे वचनाने सांगितले तेवढेच तिने करावे, असा निवाडा दिला आहे. दिलेला हात अर्धा मागे घेण्याची ही खोड आमच्या परंपरेला जुनीच आहे. इंग्रजी अमलातल्या पासपोर्टातही धारकाच्या शेजारी पत्नीचा रकाना असे. एकाच दस्तऐवजावर दोघे समुद्रापार जात, आणि धारक अर्थातच नवरा. नागपूरच्या पासपोर्ट कचेरीकडून आमची दोन स्वतंत्र पुस्तके आली तेव्हा सौभाग्यवतीने आपले पुस्तक किती वेळ उलटसुलट करून पाहिले, हे मी पाहिले होते. तेव्हा त्याचा अर्थ लावला नाही.

फलोत्साहाच्या कसोटीवर "तुमी म्हणसान तिथं" हे वाक्य घासून पाहिले, तेव्हा माझी पंचाईत झाली. हे वाक्य बोलणाऱ्याने आपला फलोत्साह शून्य जाहीर केलेला असतो. आणि मीमांसकांच्या हिशेबाने ज्याला फळाची कामना नाही त्याला त्या काम्य कर्माचा अधिकारच नाही. म्हणजे मी तिला अंगकोरास नेणार ते यजमानपत्नी म्हणून नव्हे, सामान म्हणून. विवाहात मी धर्म, अर्थ आणि काम या तिन्हींत हिला ओलांडून जाणार नाही, अशी प्रतिज्ञा अग्नीसमक्ष केली होती. ओलांडणे म्हणजे परस्त्रीकडे पाहणे एवढाच अर्थ आम्ही पुरुषांनी सोयीने लावून घेतला. जिच्या मनात काय आहे हे न विचारता, किंवा विचारून उत्तराची वाट न पाहता, पुढे चालू लागणे, हेही ओलांडणेच.

पण गुन्हा एकट्या माझ्या माथी मारूनही चालणार नाही. मौनाने होकार देणारा मनुष्य निष्काम असतो असे नाही. तो आपली कामना लपवितो, आणि लपविलेल्या कामनेचे व्याज संसारात कोणत्या ना कोणत्या रूपाने वसूल होतच असते. गीतेतला निष्काम योगी फळ सोडतो. फळ हवे होते हे त्याने स्वतःपासून लपविलेले नसते. हे मी तिला एकदा चहा पिताना ऐकविले. ती म्हणाली, "झालं तुमचं? मंग दूध आणा."

उकल झाली ती माझ्या युक्तिवादाने नव्हे. ज्येष्ठात शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी नागझरी, पारस, गायगाव करीत अकोल्यास मुक्कामी आली. सौभाग्यवती दरवर्षीप्रमाणे पाणी वाटण्याच्या सेवेला गेली, आणि संध्याकाळी परतून सुपात तूर घेऊन निवडीत बसली. बोटे खडे टिपीत होती. नजर सुपातच होती. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "ह्या लोकायचं बरं हाय. महिनाभर कोणी नावानं हाक मारत नाही. सारेच माउली." मी काही बोललो नाही, सुदैवाने त्या वेळी मला एकही वचन आठवले नाही. मग सूप खाली ठेवून ती म्हणाली, "मले तिथं जाचं हाय, जिथं मले कोणी ओयखत नाही."

'ळ'चा 'य' करणारी तिची दर्यापूरकडची बोली शहरात 40 वर्षे राहून पुष्कळ घासली गेली आहे. फार आतले बोलू लागली म्हणजे ती तशीच वर येते. मी विचारले, "आणि मी?" ती म्हणाली, "तुमी राहा ना. पण घडीघडी हाक नका मारू."

माझी पहिली भावना, खरे सांगतो, अपमानाची होती. आपल्या प्रपंचात असे काय उणे होते, की हिला ओळखीचाच वीट यावा? रात्री मात्र चक्रधरांची आठवण झाली, आणि वऱ्हाडात जन्मून ती इतक्या उशिरा व्हावी याची शरम वाटली. येथून फार दूर नाही ते मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर. तेथे तेराव्या शतकात म्हाइंभटाने चक्रधरांचे 'लीळाचरित्र' सिद्ध केले, आणि त्यातून निघालेल्या सूत्रांत साधकाला सांगितलेला पहिला आचार हाच आहे. आपला देश सोडावा, आपला गाव सोडावा, संबंधितांचा संबंध तर विशेषच सोडावा, आणि जेथे कोणी आपले म्हणणार नाही अशा देशाच्या टोकाला झाडाखाली असावे, असे चक्रधर सांगतात. तूर निवडता निवडता माझ्या बायकोने मागितले ते हेच होते. तिने पुढे होऊन काही वैराग्य घेतले नव्हते. तिला चार दिवस कोणाची काकू, कोणाची वहिनी, कोणाची आई आणि कोणाची अगं नसलेले राहून पाहायचे होते. मौज अशी, की ज्या चक्रधरांनी गाव सोडायला सांगितले त्यांनीच अनुयायांना कानडी आणि तेलुगू मुलखात जाऊ नका, महाराष्ट्रातच राहा असेही बजावले. आणि त्यांचेच अनुयायी पुढे पंजाबापर्यंत मठ घालीत गेले. निर्बंधांचे असेच होते.

विवाहाच्या प्रतिज्ञेत पुरुषार्थ तीनच घेतले आहेत, चौथा मोक्ष वगळला आहे, हे मी अनेक लग्नांत ऐकले होते आणि त्याचे कारण कधी शोधले नव्हते. आता ते थोडेसे उमगल्यासारखे झाले. धर्म, अर्थ आणि काम यांत दोघांनी एकमेकांना ओलांडू नये. चौथ्यात मात्र ओलांडण्याचा प्रश्नच नाही, कारण ती वाट एकेकट्याची आहे. याज्ञवल्क्य घर सोडून निघाला तेव्हा त्याने संपत्तीची वाटणी मांडली, आणि मैत्रेयीने ती बाजूला सारून अमृतत्वाचे विचारले. तिला उत्तर मिळाले, पण बरोबर येण्याचे आमंत्रण मिळाले नाही. माझी स्त्री काही मैत्रेयी नाही, आणि मी याज्ञवल्क्य नाही हे तर सर्व जठारपेठ जाणते. तरी सहलीसारख्या उघड कामपुरुषार्थाच्या पोटात प्रत्येकाच्या चौथ्या पुरुषार्थाचे एक लहानसे बी असू शकते, आणि जोडीदाराने ते उकरून पाहू नये, फक्त त्याला जागा ठेवावी, इतके मला त्या रात्री पटले.

सकाळी आम्ही प्रथमच तहाच्या वाटाघाटीस बसलो. मी अंगकोरचे नाव काढले. तेथील पूर्वेच्या ओवरीत जवळजवळ 50 मीटर लांबीचे समुद्रमंथन भिंतीवर कोरलेले आहे. एका बाजूला असुर, दुसऱ्या बाजूला देव, मध्ये विष्णू. मी मोठ्या भरात येऊन तिला सांगू लागलो, की बघ, दोघे विरुद्ध दिशांना ओढतात म्हणूनच मंदर फिरतो आणि अमृत वर येते. दांपत्याचेही तसेच आहे. तिने विचारले, "अन् त्यात वासुकीले किती लागलं असन?" तेहेतीस वर्षांत मला कोणाही विद्यार्थ्याने हा प्रश्न विचारला नव्हता, आणि मजजवळ उत्तर नव्हते. अजूनही नाही.

सहलवाल्याकडे गेलो तेव्हा नवीच अडचण निघाली. त्या मंडळींच्या तांड्यात सर्व मराठी माणसे, सोबत आचारी, सकाळी पोहे, रात्री पिठले-भात, एखादे दिवशी पुरणपोळी. आणि यादी पाहतो तो चार जोडपी अकोल्याची, दोन खामगावची. बाहेर पडताच सौभाग्यवती म्हणाली, "रामदासपेठेतल्या त्या दोघी तिथंही 'काकू, चहा झाला का' म्हणतीन." तिचे म्हणणे सोळा आणे खरे होते. समुद्र ओलांडूनही गाव न ओलांडण्याची सोय म्हणजे आजची मराठी परदेशवारी. तिला मी नावे ठेवीत नाही, वृद्धापकाळी ती अनेकांना आधार आहे, पण आमच्या कामाची ती नव्हती. मग धाकट्याने नकाशा उघडून कंबोडियाच्याच दक्षिण किनाऱ्यावरचे केप नावाचे एक लहानसे गाव दाखविले. खेकडे आणि शेजारच्या कंपोत परगण्यातली मिरी यांच्यासाठी ते प्रसिद्ध आहे. पैकी खेकड्यांचा आम्हास उपयोग नाही, मिरी पिशवीभर आणता येईल. सहलवाल्या कारकुनाने मान हलविली, "तिकडे आपला ग्रुप जात नाही." ती म्हणाली, "मंग तेच लिहा."

असा तहनामा झाला : तीन दिवस अंगकोर, चार दिवस केप. अंगकोरात ती माझ्याबरोबर देवळात येईल, पण प्रत्येक भिंतीपुढे थांबणार नाही. केपला ती सकाळी किनाऱ्यावर एकटी बसेल, आणि मी हाक मारणार नाही. तिखटाचा डबा, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या दोघांच्या सामाइक जबाबदारीत. इतका नेमका करार आमच्यात यापूर्वी कधी झाला नव्हता, आणि तो करताना ती दोनदा भांडली, हे मला शुभचिन्ह वाटले.

गेल्या रविवारी थोरल्याने दोघांचे व्हिसाचे अर्ज भरले. ती त्याच्या खुर्चीमागे उभी राहून एकेक रकाना मोठ्याने वाचून घेत होती. प्रवासाचे प्रयोजन या रकान्यापाशी तो थांबला; तेथे मोजकेच तयार शब्द होते, त्यांतून एक निवडायचा होता. तिने माझ्याकडे पाहिले, मी तिच्याकडे. आमच्या दोघांच्याही नावापुढे एकच शब्द पडला : पर्यटन.